आधी खेचता येतंय का बघ

अगं, तुझी यादी मिळाली. सहा धनुष्यं, प्रत्येकापुढे किंमत, रंग आणि वेगाचा आकडा. 320, 335, 342. आणि खाली एकच ओळ, "ताई, यातलं सगळ्यात फास्ट घेऊ ना?"

नको घेऊस. निदान फास्ट आहे म्हणून तरी नको.

तो आकडा तुझा नव्हेच. कंपन्या सेकंदाला अमुक फूट असा जो वेग छापतात, तो 70 पाउंड ओढीच्या, 30 इंच ड्रॉ लेंग्थच्या, म्हणजे तेवढ्या मागे खेचायच्या, धनुष्यावर 350 ग्रेनचा हलका बाण लावून मोजलेला असतो. म्हणजे सहा फुटी, दंड भरलेल्या गड्याचा तो आकडा. तू पाच फूट दोन. तुझी ड्रॉ लेंग्थ 25 इंचांच्या आसपास भरेल. एक इंच कमी झाला की साधारण दहा फूट वेग गेला, ओढ कमी केलीस की आणखी गेला, बाण शिकारीला साजेसा जड घेतलास की आणखी गेला. 320 चं धनुष्य तुझ्या हातात दोनशेच्या थोडं वरच चालणार. आणि ते पुरतं. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटटेल हरणाला ते व्यवस्थित पुरतं, हे मी पुढे हिशेबानिशी सांगते. पण त्याआधी दुसरंच काहीतरी बघायचं आहे: तुला ते खेचता येतंय का.

"येतंय की" म्हणशील. उभं राहून, पाय रोवून, धनुष्य आभाळाकडे नेऊन, दात-ओठ खात खेचणं याला खेचणं म्हणत नाहीत. दुकानात एक स्टूल माग. त्यावर बस, दोन्ही पाय जमिनीवरून उचल, धनुष्य समोर निशाणाच्या रेषेत धर आणि तिथूनच, वर-खाली न करता, सावकाश मागे घे. आलं? आता तसंच धरून मनात तीसपर्यंत मोज. मग बाण न सोडता तितक्याच सावकाश पुढे ने. हे तिन्ही जमलं तर ती ओढ तुझी. एक जरी अडलं तर पाच पाउंड उतरव. बाजूला कोण उभं आहे, कोण 60 पाउंड खेचतंय, याच्याशी तुला देणंघेणं नाही.

हे मी एवढं का ताणते, तर मचाणावरचा प्रकार असा असतो. तू दोन तास न हलता बसलेली असतेस. नोव्हेंबर असेल तर पारा शून्याच्या खाली, अंगावर तीन थर आणि वर जाड कोट, बोटं बधिर. हरीण येतं ते वीस पावलांवर आल्यावरच दिसतं. त्याची मान झाडामागे गेली की तेवढ्यातच तुला धनुष्य ताणायचं असतं, आणि ते पुन्हा थांबलं तर ताणलेलं धरून ठेवायचं असतं. त्या वेळी जर तुला हिसका मारून, कोपर वर करून ताणावं लागलं, तर हरणाला तुझी हालचाल दिसते आणि पांढरी शेपटी वर करून ते निघून जातं. कितीही महागाचं धनुष्य असो.

विस्कॉन्सिनच्या कायद्यात हरणासाठी किमान ओढ 30 पाउंडांची आहे. दुसऱ्या राज्यांत हा आकडा वेगळा असू शकतो, तेव्हा पुढेमागे दुसरीकडे गेलीस तर तिथला नियम बघ. तू तिसाच्या जरा वर सुरुवात कर आणि हंगामापर्यंत चाळीस-पंचेचाळीसला पोच. आजकालच्या धनुष्यांत हे सोपं असतं. वरच्या-खालच्या लवचीक भागांचे, म्हणजे लिम्बचे, जे बोल्ट असतात ते एक फेरा घट्ट केले की साधारण दोन पाउंड वाढतात. दोन्ही बोल्ट सारखेच फिरवायचे, आणि कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त सैल कधीच करायचे नाहीत. म्हणून घेताना 30 ते 50 च्या टप्प्यात बसणारं किंवा त्याहून मोठ्या टप्प्याचं घे. खालच्या टोकाला आज खेचता आलं पाहिजे, वरच्या टोकाला पुढच्या वर्षी.

आता ड्रॉ लेंग्थ. दोन्ही हात सरळ पसर, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजून घे आणि त्या इंचांना अडीचने भाग. अंदाज येतो. खरं माप दुकानातच, धनुष्य हातात घेऊन आणि तुझं स्वतःचं रिलीज, म्हणजे दोरी पकडून सोडणारा खटका, मनगटाला बांधून. रिलीज बदललं की माप बदलतं, म्हणून ते आधी निवड. ड्रॉ लेंग्थ जास्त झाली तर तू मागे रेलशील, मान वाकडी होईल, दोरी कोटाच्या बाहीला घासून बाण भलतीकडे जाईल. बायकांना दुकानांत बऱ्याचदा एखाद इंच जास्तच लावून देतात. कारण दुकानात जे तयार टांगलेलं असतं ते पुरुषांच्या मापाचं. "25 पर्यंत उतरतं का?" हा प्रश्न रंगाच्या आधी विचार. काही धनुष्यांचं माप 26 च्या खाली येतच नाही. तुझ्या यादीतली दोन तरी इथेच गळतील असं मला वाटतं.

आणि डोळा तपास. दोन्ही हातांच्या बोटांची खिडकी कर, तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ, मग एकेक डोळा मिट. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर राहील तो तुझा मुख्य डोळा. तू उजवी असून डोळा डावा निघाला तर डावखुरं धनुष्य शिकणं सोपं पडतं. पहिल्या दिवशी तुला दोन्ही हात सारखेच परके असतात, तेव्हा आत्ताच ठरव.

कंपाउंड, रिकर्व्ह की क्रॉसबो, हे तू विचारलं नाहीस, कारण तुझ्या मनात कंपाउंडच आहे. ते बरोबरच आहे. मिसुरी राज्यातल्या होलेस विल्बर अ‍ॅलन यांना 1969 मध्ये कंपाउंडचं पेटंट मिळालं आणि आपल्यासारख्या बारक्या चणीच्या माणसांची सोय झाली. टोकाच्या चाकांमुळे ओढ मधे शिगेला जाते आणि शेवटाला एकदम उतरते. 80 टक्के उतार असलेल्या 45 पाउंडांच्या धनुष्यात पूर्ण ताणल्यावर हातावर फक्त नऊ पाउंड राहतात. रिकर्व्हमध्ये 45 म्हणजे शेवटपर्यंत 45, आणि तुझी ड्रॉ लेंग्थ छापील 28 इंचांहून कमी असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच. रिकर्व्ह देखणं असतं, मला मनापासून आवडतं, पण त्याला वर्षं द्यावी लागतात. क्रॉसबो 2014 पासून इथे सगळ्यांना खुला आहे. ज्यांचे खांदे गेलेत त्यांच्यासाठी तो छानच, आणि त्याला कमी लेखणाऱ्यांकडे मी लक्ष देत नाही. पण त्याला वेगळं लायसन्स लागतं, तो जड असतो, आणि तुझे खांदे अजून शाबूत आहेत.

तू आदिती स्वामीचा फोटो पाठवला होतास, "हिच्यासारखं हवं" म्हणून. साताऱ्याची पोरगी, 2023 मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, त्याच स्पर्धेत ओजस देवतळेही जिंकला. दोघांच्याही हातात कंपाउंडच. अभिमान आहेच गं, पण त्यांचं धनुष्य मैदानासाठी असतं. पन्नास मीटरवर, मोकळ्या सपाटीत, एकाच जागी उभं राहून मारायला ते लांब आणि वजनदार केलेलं असतं, पुढे हातभर दांडे लावलेले. एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत 38-40 इंच. मचाणावर ते फांदीत, कठड्यात आणि तुझ्या गुडघ्यात अडकेल. शिकारीचं साधारण 30 ते 33 इंच पुरे. त्याहून आखूडही मिळतं, पण फार आखूड धनुष्य हातात अस्थिर वाटतं.

एक आकडा मात्र जरूर बघ, जो जाहिरातीत बारीक अक्षरात असतो: ब्रेस हाइट. मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर. सहा इंचांचं असेल तर धनुष्य तेज, पण तुझ्या हाताची प्रत्येक चूक बाणात उतरते. सातच्या आसपास असेल तर थोडं मंद, पण सांभाळून घेणारं. तू सात घे.

आता वेगाचा हिशेब, कारण तू गणितवाली आहेस आणि नुसतं "ताई म्हणते म्हणून" ऐकणार नाहीस. आवाज सेकंदाला साधारण 1,100 फूट जातो. तुझा बाण समजा 205 फुटांनी गेला. वीस यार्ड म्हणजे 60 फूट. दोरी सुटल्याचा आवाज हरणापर्यंत पोचायला सेकंदाच्या शंभर भागांतले पाच-सहा, बाणाला 29. तुझं ते 342 वालं एखाद्या धिप्पाड माणसाच्या हातात 300 ने जरी सोडलं तरी त्याला वीस लागणारच. आवाजाला हरवणारं धनुष्य कुणी विकत नाही. दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी खाली दबतं, पायांत स्प्रिंग भरावी तसं, आणि बाण त्याच्या पाठीवरून जातो किंवा, वाईट म्हणजे, भलत्या जागी लागतो. चाळीस यार्डांवर तर त्याला दुप्पट वेळ मिळतो. तेव्हा दोनच गोष्टी तुझ्या हातात आहेत: आवाज कमी करणं आणि जवळून मारणं. जड बाण धनुष्याची जास्त ताकद स्वतःत घेतो, त्यामुळे आवाज कमी होतो. हलका बाण लावलास की उरलेली ताकद खडखडाटात जाते. शांत धनुष्य, जड बाण, वीस यार्ड. पहिल्या वर्षी एवढंच धर.

बाणाकडे लोक शेवटी वळतात, पैसे धनुष्यावर संपवून. खरं तर हरणाला धनुष्य लागतच नाही, बाण लागतो. मी तर म्हणेन, धनुष्य एक पायरी खालचं घे आणि बाण नीट घे.

वजन ग्रेनमध्ये मोजतात. 400 ग्रेन म्हणजे सुमारे 26 ग्रॅम. ओढीच्या प्रत्येक पाउंडाला किमान पाच ग्रेन हवेतच, त्याहून हलका बाण म्हणजे धनुष्य रिकामं सोडल्यासारखंच. शिकारीला आठ-नऊ धर. तुझ्या 45 ला 400 ग्रेन छान बसतो, टोकासकट. 205 फुटांनी गेला तर त्याची ऊर्जा 37 फूट-पाउंड भरते. बाण बनवणाऱ्यांच्या तक्त्यात हरणासाठी 25 ते 41 हा पल्ला वर्षानुवर्षं छापला जातोय. तू त्यात वरच्या बाजूला आहेस. झालं समाधान?

मग ताठरपणा, ज्याला स्पाइन म्हणतात. बाणावर 300, 400, 500 असे आकडे असतात आणि ते उलटे चालतात, मोठा आकडा म्हणजे लवचीक बाण. 28 इंचांवर टेकवलेल्या नळीच्या मधोमध 880 ग्रॅमचं वजन टांगलं आणि ती अर्धा इंच वाकली, तर ती 500. सुटताना प्रत्येक बाण माशासारखा वळवळतो. तुझ्या ओढीला, तुझ्या लांबीला तो योग्य तेवढाच वळवळला पाहिजे. तुला 500 च्या आसपास लागेल, कदाचित 600 सुद्धा. दुकानात तक्ता असतो, त्यात ओढ, बाणाची लांबी आणि टोकाचं वजन, तिन्ही घालून बघायला सांग. नवऱ्याचे किंवा मित्राचे उरलेले 340 चे बाण "चालतील की" म्हणून कुणी दिले तर आभार मानून परत कर. ते जातील सरळसे वीस यार्डांवर, पण शिकारीचं पातं लावलं की त्यांचं खरं रूप दिसेल.

आणि कार्बनचा बाण प्रत्येक वेळी सोडण्याआधी दोन्ही हातांनी हलका वाकवून, पिळून, कानाशी नेऊन बघ. करकर ऐकू आली किंवा बारीक चीर दिसली तर तिथेच मोडून टाक. तडकलेला बाण सुटताना फुटला तर त्याच्या सळ्या थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

पातं. इथे मात्र नीट ऐक. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते, बाणाचं तसं नाही, तो कापतो. छातीत दोन्ही फुप्फुसांमधून आरपार गेला तर हरीण काही सेकंदांत कोसळतं, शंभरेक पावलांच्या आत. म्हणून धार हाच सगळा मामला. तीन-चार प्रकारची पाती तुला दाखवतील, त्यांतली उघडणारी, यांत्रिक पाती सगळ्यात आकर्षक दिसतात. उडताना मिटलेली, लागल्यावर दोन इंच पसरणारी. पण पसरायला ताकद लागते आणि ती तुझ्या 37 मधूनच जाते. 65 पाउंड ओढणाऱ्याला ती उधळपट्टी परवडते. तू स्थिर पात्याचं घे, आणि त्यातही असं की ज्याचं टोकच धारेचं आहे, दोन पात्यांचं, लागताक्षणी कापायला सुरुवात करणारं. वजन 100 किंवा 125 ग्रेन. 125 घेतलंस तर बाणाचा पुढचा भाग जड होतो, तो जास्त खोल जातो. पण मग सरावाचं टोकही 125 चंच घ्यायचं आणि स्पाइन त्याच हिशेबाने बघायची. कायद्याने इथे पात्याची रुंदी किमान सात अष्टमांश इंच लागते, बाजारातली बहुतेक त्यात बसतातच. पाकिटातून काढलेलं पातं धारदार असेलच असं समजू नको. कागद कापून बघ. भुरभुर फाटला तर दगडावर घास. आणि ही पाती फिरवायला जी छोटी प्लॅस्टिकची चावी मिळते ती वापर, हाताने पिळू नकोस. स्वयंपाकघरातली सुरी यापुढे बोथट म्हणावी लागेल.

बाकीचं सामान पटकन उरकते. बाण टेकवायला केसाळ गोल रेस्ट घे, बाण त्यात अडकून राहतो, मचाणावर खाली पडत नाही. खाली पडणारी, म्हणजे सुटताक्षणी बाजूला होणारी रेस्ट अचूक असते पण तिचे नखरे पुढच्या वर्षी. साइटला तीन पिना, 20, 30, 40. मी पहिल्या वर्षी फक्त विसाची वापरायला सांगीन. दोरीतल्या पीपचं, म्हणजे निशाण बघायच्या कडीचं, भोक मोठं असू दे, कारण हरणं येतात ती उजाडताना आणि मावळताना, बारीक भोकातून तेव्हा काही दिसत नाही. रिलीज मनगटाच्या पट्ट्याचं, बकलवालं. तुझं मनगट बारीक आहे, शेवटच्या भोकाला घट्ट बसतं का बघ. अंतर मोजायचं यंत्र कुणाचं तरी उसनं माग. कपड्यांवर पैसे घालू नकोस.

धनुष्य दुकानातूनच घे, नेटवरून नको. तयार संच, म्हणजे साइट, रेस्ट, भाता सगळं लावलेला, पाचशे डॉलरच्या आसपास चांगला मिळतो. शंभरेक जास्त गेले तरी जो माणूस तुला अर्धा तास बसवून माप घेतो, पीप बांधून देतो, कागदातून बाण मारून फाटलेलं भोक बघतो, त्याच्याकडे दे. तुझ्याशी न बोलता शेजारी उभ्या असलेल्या तुझ्या नवऱ्याशी बोलणारा दुकानदारही भेटेल. त्या दुकानातून निघून यायचं. जुनं घ्यायलाही हरकत नाही, पण लिम्बवर कापूस फिरवून बघ, धागा अडकला तर चीर आहे. दोरी दोन-तीन वर्षांची असेल तर ती बदलायचा खर्च किमतीत धर. आणि कुणालाही, अगदी कुणालाही, "बघू दे जरा" म्हणून बाणाशिवाय दोरी ओढून सोडू देऊ नकोस. एका झटक्यात चाकं वाकतात, लिम्ब फुटतात, कधी माणसाच्या तोंडावर.

इथला धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत असतो. आत्ता जुलै. म्हणजे तुला पुरेसे आठवडे आहेत, पण रोज शंभर बाण मारून खांदा दुखवून घ्यायला नव्हे. रोज वीस-पंचवीस, नीट. ऑगस्टमध्ये सरावाचं टोक काढून शिकारीचं पातं लावूनच मार, ते वेगळ्या जागी लागतं हे तुला तेव्हा कळेल आणि दुरुस्तीला वेळ राहील. ती मारलेली पाती पुन्हा धार लावल्याशिवाय शिकारीला नको. गच्चीवरून किंवा जिन्यावरून खाली मारून बघ, कमरेतून वाकून, हात खाली करून नव्हे. आणि दिवसातला पहिला बाण, थंड अंगाने मारलेला, तोच फक्त मोज. हरीण तुला सरावाचे दहा बाण देणार नाही. तो पहिला बाण जेवढ्या अंतरावर चहाच्या बशीएवढ्या गोलात दर वेळी जातो, तेवढी तुझी हद्द. कुणाची पन्नास असेल, तुझी अठरा असली तर अठरा.

हरीण समोरासमोर उभं असेल तर मारायचं नाही. कड दाखवून उभं, किंवा किंचित पाठमोरं, पुढचा पाय पुढे टाकलेला, तेव्हाच. लागल्यावर धावत खाली उतरायचं नाही. अर्धा तास थांब. बाण जाऊन बघ, रक्त फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, माग काढ. हिरवट, वास येणारं काही असेल तर पोटात लागलंय, मग सहा-आठ तास तिकडे फिरकायचं नाही, नाहीतर ते उठून मैलभर जातं आणि सापडत नाही. माग काढायला पट्ट्याला बांधलेला कुत्रा इथे चालतो. कुणाकडे आहे ते आधी विचारून ठेव.

मचाणावर चढताना पूर्ण अंगाचा हार्नेस. पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंत. शिकारीत बाणाने होतात त्यापेक्षा मचाणावरून पडून होणारे अपघात जास्त. धनुष्य पाठीला लावून चढायचं नाही, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायचं, बाण भात्यात झाकलेले. या बाबतीत तू मला खोटं सांगितलेलं मी ओळखेन.

कागदपत्रांचं सोपं आहे. तुझा जन्म 1 जानेवारी 1973 नंतरचा, म्हणजे हंटर एज्युकेशनचा कोर्स हवा. मोठ्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. ते जमलं नाही तर पहिल्या वर्षी अनुभवी माणसाबरोबर, त्याच्या हाताच्या अंतरावर राहून जाता येतं. तू व्हिसावर आहेस म्हणून घाबरलीस, पण ती भानगड बंदुकीची. व्हिसावरच्या लोकांनी बंदूक बाळगण्याचे केंद्रीय कायदे किचकट आहेत, धनुष्य त्यांत मोडत नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम सुरू होतो, त्या दिवसांत धनुष्यवाल्यांनीही भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी घालायचं. गुलाबीला विस्कॉन्सिननेच सगळ्यात आधी, 2016 मध्ये, मान्यता दिली. मला ते जरा लाडीगोडी वाटतं, मी नारिंगीच घालते. हरीण मिळालं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंद. आणि मुंडकं तपासणीच्या पेटीत. 2002 पासून इथल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज आहे, आपल्या डेन काउंटीच्या आसपास तर भरपूर. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, पण पॉझिटिव्ह जनावराचं मटण खाऊ नये असंच आरोग्यखातं सांगतं. तपासणी फुकट असते. निकाल येईपर्यंत पुडे नाव-तारीख लिहून फ्रीजरमध्ये, खिम्याची घाई नको.

आईला काय सांगायचं, हे तू सगळ्यात शेवटी विचारलंस, म्हणजे तेच सगळ्यात जास्त टोचतंय. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधनं आली, आणि ती यायलाच हवी होती. गंमत बघ, त्याच 1972 मध्ये अमेरिकेत धनुष्य-बाणांवर कर बसवण्याचा कायदा झाला, आणि तो पैसा वन्यजीवांसाठीच जातो. तू धनुष्य घेशील त्याच्या किमतीत तो 11 टक्के कर आधीच आहे. तुझ्या घरापासून तासाभरावर, सॉक काउंटीत आल्डो लिओपोल्ड यांची झोपडी आहे. वन्यजीव व्यवस्थापनाचं शास्त्र उभं करणारा हा माणूस स्वतः धनुष्यं बनवायचा, हरणामागे जायचा, आणि त्याची बायको एस्टेला राज्याची तिरंदाजीतली विजेती होती. विस्कॉन्सिनने 1934 मध्ये धनुष्याचा पहिला हंगाम भरवला तोही सॉक आणि कोलंबिया याच काउंट्यांत. लांडगे इथल्या शेतीच्या मुलखातून गेले, मका-सोयाबीन खाऊन हरणं वाढली. आईला हे सांगून पटेल का? नाही पटणार. ती म्हणेल, "मुक्या जनावराला का?" तिच्याशी वाद घालू नकोस. ती बरोबरच विचारते, आणि तो प्रश्न मचाणावर तुझ्याबरोबर असलेला बरा. पहिल्या वर्षी काही न मारता परत आलीस तरी मला काही वाटणार नाही. समोर हरीण आलं, धनुष्य ताणलंस आणि सोडावंसं वाटलं नाही, तर सावकाश पुढे ने आणि खाली ठेव. त्यासाठीच तर स्टुलावर ते तिसरं शिकवलं.

शनिवारी दहाला मी येते तुझ्याकडे, दुकानात दोघी जाऊ. यादीतल्या सहांपैकी 25 पर्यंत उतरणारी कुठली ते तोवर बघून ठेव. आणि कपाटातून तुझा हिवाळ्याचा जाड कोट काढून गाडीत टाक. हो, जुलैत. तो घालून स्टुलावर बसून खेचायचं आहे, दुकानदार हसला तर हसू दे.